सांगली-मिरज रोजच्या सायकलची चाकं: एका जोडणीचं प्रकरण

पाचवी तार तुटली त्या संध्याकाळी चाचा वानलेसवाडीपासून विश्रामबागेपर्यंत सायकल हाताने ढकलत माझ्याकडे आले. मी सायकलची चाकं भरतो, म्हणजे मधला तुंबा (हब), तारा आणि रिंग जोडून चाक उभं करतो. मागचं चाक आउट होऊन, म्हणजे वाकडं फिरून, ब्रेकच्या रबराला घासून अडकत होतं. ब्रेक सोडवून बसून आले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "बाळा, आउट झालेल्या चाकावर बसायचं म्हणजे तडा गेलेल्या भोपळ्याला तारा चढवायच्या. नको ते."

चाचा मिरजेत तंबोरे करतात. राहायला सांगलीत, खणभागात. वय ५८, वजन ८२ किलो. रोज जाऊन-येऊन साधारण २० किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस. कॅरिअरवर डबा, हत्यारांची पिशवी, कधी दुरुस्तीला आलेल्या वाद्याचे सुटे भाग, असं सगळं मिळून आठ-दहा किलो. हे आकडे मी मुद्दाम आधी देतोय, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यांच्यावरच उभा आहे. चाक कुणासाठी आणि कुठल्या रस्त्यासाठी, हे ठरल्याशिवाय रिंग चांगली की वाईट हे सांगता येत नाही.

त्यांची मूळ सायकल वडिलांची, काळी, दांड्यांच्या ब्रेकची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती घराच्या तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर चाचांनी हब उघडून रॉकेलने धुतला, छरे बदलले, ग्रीस भरलं. हब वाचला. लोखंडी रिंगा मात्र आतून गंजल्या आणि वर्षभरात निपलांच्या (तारा रिंगेत घट्ट धरणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांपाशी तडकल्या. मग त्यांनी एका मोठ्या कंपनीची सात गिअरची तयार सायकल घेतली. तिच्याच मागच्या चाकाच्या चौदा महिन्यांत पाच तारा तुटल्या.

नवीन चाक भरण्याआधी जुनं का मेलं ते बघायचं, हा माझा नेम आहे. पाचही तारा हबपाशी, वाकणावर तुटल्या होत्या. चाचांची समजूत होती की जोर चेनच्या बाजूला पडतो म्हणून तिकडच्या तुटतात. पण हिशेब विचारल्यावर निघालं की पाचपैकी चार डावीकडच्या होत्या. हे मला अपेक्षितच होतं.

गिअरच्या मागच्या चाकात रिंग फ्रेमच्या मधोमध असते, हबच्या दोन कडा मात्र मधोमध नसतात. उजवीकडे दातांच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून उजवी कड आत सरकते. तिकडच्या तारा जवळपास उभ्या राहतात, डावीकडच्या जास्त तिरप्या. रिंग मध्यावर धरायची तर उजव्या तारा फार ताणाव्या लागतात आणि डाव्या सैल ठेवाव्या लागतात. त्यात कारखान्यातून चाक एकूणच ढिलं आलेलं असेल तर डाव्या तारांत नावापुरता ताण उरतो.

आता चाक वजन पेलतं कसं? जमिनीला टेकलेल्या भागावरच्या तारांचा ताण वजनामुळे कमी होतो आणि चाक पुढे गेलं की परत येतो. ताण मुळातच कमी असेल तर खाली येणारी तार पूर्ण सैल पडते, हबच्या भोकात हलते आणि वाकणावर पुढे-मागे वाकते. ३८ मिलिमीटरच्या टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे २० किलोमीटरला प्रत्येक तार दिवसात नऊ हजार वेळा सैल-घट्ट होते. लोखंडी तार हाताने मागे-पुढे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त सावकाश. प्रत्येक वेळी नाक्यावरच्या मिस्त्रीने तुटलेली एक तार बदलली. बाकीच्या पस्तीस तशाच थकलेल्या राहिल्या.

आसही वाकला होता. त्या हबवर फ्रीव्हील, म्हणजे दातांच्या चकत्यांचा गठ्ठा, आटे फिरवून बसतं. उजवीकडचे छरे त्यामुळे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला येतात आणि तिथून फ्रेमपर्यंत जवळजवळ चार सेंटिमीटर आस अधांतरी राहतो. ८२ किलोचा माणूस, वर सामान आणि रस्त्याचे खड्डे. आस वाकणारच.

फ्रेम चाचांनी वेगळी मिळवली होती: जुनी, क्रोमोली स्टीलची, मागे हबसाठी १३५ मिलिमीटर जागा, व्ही-ब्रेकचे (रिंग दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंट बसवलेले, मडगार्ड लावूनही ४० मिलिमीटरचं टायर मावेल अशी. सायकल तिच्यावर नव्याने उभी करायची होती आणि चाकं माझ्याकडे आली.

त्यांचा पहिला प्रश्न होता की काळ्या सायकलच्याच मापाच्या नव्या रिंगा का नकोत. तिलाही अठ्ठावीस म्हणायचे, हिलाही अठ्ठावीसच म्हणतात. इथे भलेभले फसतात. काळ्या सायकलचं २८ × १½ टायर रिंगेवर जिथे बसतं तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. ७००सी म्हणून जी येतात तिथे तो ६२२. दुकानात "अठ्ठावीसचं टायर द्या" म्हटलं की समोर येईल ते घरी नेलं जातं आणि १३ मिलिमीटरच्या फरकाने ते एक तर चढत नाही, नाही तर निसटतं. टायरच्या कडेवर दोन आकडे जोडून छापलेले असतात, ४०-६२२ असे. तेच वाचावेत. शिवाय लोखंडी चकचकीत रिंग ओली झाली की ब्रेक जवळजवळ धरतच नाही, हे चाचांनी चाळीस पावसाळे अनुभवलं होतं. अॅल्युमिनियमची ६२२ ठरली.

माझी निवड नेहमी रस्त्यापासून वर जाते: आधी टायर, मग रिंग, मग हब, शेवटी तारा. सांगलीचा रस्ता सपाट आहे, चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल तेवढा. त्रास निराळा आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये थापला जातो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांतून पडलेल्या कांड्या आणि पाचट कडेला साचतात आणि ट्रॅक्टर बाजूने गेला की सायकलवाल्याला त्याच कडेला उतरावं लागतं. कडेला बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच. म्हणून ७००×३८, मागे रबराचा तीन मिलिमीटर जाड संरक्षक थर असलेलं श्वाल्बे मॅरेथॉन आणि पुढे लुधियानाचं साधं देशी टायर. दोन्हीकडे महागडं लावायची गरज नव्हती. वजनाचा मोठा वाटा मागे असतो, आणि पुढच्या चाकाने उलटवून उभा केलेला खिळा किंवा काटा मागच्यातच घुसतो. हवा मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय.

वॉल्व्ह मोटरसायकलचा. बारीक फ्रेंच वॉल्व्हचं भोक साडेसहा मिलिमीटरचं असतं, याचं साडेआठचं, म्हणून हे रिंग घेतानाच ठरवावं लागतं. मिरज रोडवर कुठल्याही पंपावर, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळाली पाहिजे. बारीक वॉल्व्हला जोडायची टोपी खिशात ठेवून फिरणं चाचांच्या वयाच्या माणसाला मी सांगणार नाही.

रिंग दुहेरी भिंतीची, आतली रुंदी १९ मिलिमीटर, भोकांना धातूच्या कड्या बसवलेली, ३६ भोकांची. ३२ चीही चालली असती. पण चार जादा तारा म्हणजे एका चाकाला तीसेक ग्रॅम वजन, कारण दोन मिलिमीटरची एक तार सुमारे सात ग्रॅमची. त्याच्या बदल्यात एखादी तार तुटली तरी चाक ब्रेकमधून फिरत राहतं आणि माणूस घरी पोचतो. आणि उद्या रिंग बदलायची वेळ आली तर ३६ भोकांची मिळायला अडचण नाही. काळ्या सायकलींना जुन्या विलायती वळणाने पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागच्या चाकावर भार जास्त, हे त्या लोकांनी ओळखलेलं होतं. मी दोन्हीकडे ३६ ठेवल्या ते केवळ सुट्या भागांच्या सोयीसाठी.

डिस्क ब्रेकचा विचार केला आणि सोडला. ओल्यात डिस्क चांगली, आणि चिखलाने रिंगही झिजत नाही, हे खरं. पण फ्रेमला ती बसवायची सोय नाही, फक्त पुढचा फोर्क बदलून अर्धं काम झालं असतं. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट रोज उतरायचा असता तर मी हट्ट धरला असता. सांगली-मिरज रोडला व्ही-ब्रेक पुरे. रिंग काही वर्षांनी झिजेल आणि बदलावी लागेल, हे चाचांना तेव्हाच सांगितलं. दिव्यासाठी वीज करणारा डायनॅमो हबही मागे ठेवला. संध्याकाळी परतायला चार्जिंगचा दिवा पुरतो.

हबवर मात्र आमचं लांबलं. माझं मन एकच गिअर ठेवण्याकडे होतं. एकाच दातेरी चकतीचं चाक भरलं की दोन्ही कडा मध्यापासून सारख्या ठेवता येतात, दोन्हीकडचा ताण सारखा, चाक कितीतरी मजबूत. सपाट गावाला गिअर हवेत कशाला? चाचांनी वाऱ्याची गोष्ट काढली. मिरज सांगलीच्या पूर्वेला. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून. सकाळी तो पाठीत असतो आणि संध्याकाळी दिवसभर बसून आखडलेले गुडघे घेऊन त्याच वाऱ्याच्या तोंडात शिरत घरी यायचं. "तुला विश्रामबागेतून दिसत नाही तो वारा," ते म्हणाले. मी मान्य केलं. रोज जो चालवतो त्याला रस्ता माझ्यापेक्षा जास्त कळतो.

गिअर ठेवायचे तर फ्रीव्हील नको, आठ चकत्यांची कॅसेट. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छरे थेट टोकाला, फ्रेमजवळ येतात, आस अधांतरी राहत नाही. सीलबंद बेअरिंगचा की वाटी-कोनाचा (सुटे छरे वाटी आणि कोन यांच्यात फिरणारा), यात मी वाटी-कोनाचा घेतला. सीलबंद बेअरिंग खराब झालं की ठोकून काढून नवं बसवायचं, आणि ते सरळ बसवायला हत्यार लागतं. वाटी-कोनाचा हब आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री उघडतो. पुढे दर बाजूला ३/१६ इंचाचे दहा छरे, मागे पाव इंचाचे नऊ. चाचांनी पुरानंतर स्वतः हे काम केलेलं, त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. आसाला झटपट उघडणारी दांडी न घेता १५ नंबरच्या पान्याचे नट घेतले, कारण सायकल दिवसभर रस्त्यावर उभी असते.

मग तारा. आणि इथे हे प्रकरण माझ्या नेहमीच्या कामापेक्षा वेगळं झालं.

या हबची उजवी कड मध्यापासून २१ मिलिमीटरवर, डावी ३३.५ वर. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजेच ताणाचं गुणोत्तर. उजवीकडे ११० किलोचा ताण दिला तर डावीकडे त्याच्या ६३ टक्के, म्हणजे ७० किलोच्या आसपास. हे बदलता येत नाही; डावी जास्त ओढली तर रिंग मध्य सोडते. पण डाव्या तारा सैल पडू नयेत यासाठी एक जुना उपाय आहे: त्या बारीक घ्यायच्या. बारीक तार तेवढ्याच ताणाला जास्त लांबते. वजन आल्यावर खालची रिंग किंचित वर सरकली तरी तिच्यात लांबी शिल्लक असते, ती पूर्ण सैल होत नाही. म्हणून उजवीकडे दोन मिलिमीटरच्या, डावीकडे १.८ च्या. दोन्ही स्टेनलेस, निपल पितळी. जस्त लावलेली तार स्वस्त मिळते, पण दोन पावसाळ्यांत निपलशी पांढरी पडून धरते आणि मग चाकाचा आउट काढताच येत नाही. लांबी उजवीकडे २८६, डावीकडे २८८, तीन छेदांची विणी, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना छेदते.

चाचा रविवारी जोडणी बघायला आले आणि बघत बसले नाहीत. आट्यांना जवसाचं तेल लावून मी तारा भरल्या, निपल सारखे फिरवत रिंग मध्यावर आणली, ताण मोजायचं यंत्र हातात घेतलं. तेवढ्यात त्यांनी नखाने उजवीकडची एक तार छेडली, मग तिच्या शेजारची, मग तिसरी. "ही उतरलीय. ही बघ, चढलीय."

चाकाची तार आणि तंबोऱ्याची तार यांना आपण एकच शब्द उगाच वापरत नाही. लांबी आणि जाडी सारखी असेल तर सूर फक्त ताणावर ठरतो. म्हणून एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक आला की ताण एक आला. चाकं भरणारे लोक कान पूर्वीपासून वापरतात, मीही वापरतो. पण माझा कान ढोबळ आहे. सूर ताणाच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे अर्धा स्वर चुकला की ताण सुमारे १२ टक्के चुकलेला असतो, आणि मला अर्ध्या स्वराच्या आत फारसं काही कळत नाही. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत मिळवणाऱ्या माणसाला श्रुतीचा, म्हणजे अर्ध्या स्वराहूनही बारीक, फरक ऐकू येतो. सर्वांत लहान श्रुती म्हणजे ताणात दोन-तीन टक्के. माझं यंत्र तेवढं बारीक दाखवत नाही.

मग आम्ही कामाची वाटणी केली. एक तार मी यंत्राने ११० वर आणली, तो आमचा आधार. बाकीच्या सतरा चाचांनी कानाने सांगायच्या आणि मी निपल फिरवायचे. पाव फेरा, त्याहून कमी. दर दोन तारांनंतर रिंग डावी-उजवी किती हलली ते मी बघायचो. सूर आणि सरळपणा दोन्ही एकाच वेळी दर वेळी जमत नाहीत. रिंगेचा सांधा असतो तिथे ती जरा ताठ असते, तिथल्या दोन तारा थोड्या उतरलेल्या ठेवल्या तरच रिंग सरळ राहते. चाचांना ते पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, "म्हणजे ह्या लाकडात गाठ आहे."

डाव्या बाजूला गेल्यावर त्यांनी एक विचारलं ज्याचं उत्तर मला कागदावर शोधावं लागलं. डाव्या तारेचा सा धरला तर उजवी शुद्ध रिषभाच्या जवळ लागत होती. डावीकडे ताण इतका कमी, तर अंतर एवढंच कसं? मी हिशेब मांडला. दोन्हीकडे एकाच जाडीच्या तारा असत्या तर ६३ टक्के ताणाला डावा सा आणि उजवा जवळजवळ शुद्ध गंधार आला असता. पण डावी तार बारीक, तिचं वजन कमी, म्हणून त्याच ताणाला ती चढी बोलते आणि गंधाराचा रिषभ होतो. चाचांना हिशेबाची गरज नव्हती. बारीक तार थोड्या ओढीत चढते हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मला मात्र त्या रिषभाने खात्री दिली की रिंग मध्यावर आहे आणि दोन्ही बाजूंचा ताण हवा तसा बसला आहे. तोवर मी हे दोन्ही वेगवेगळं मोजत आलो होतो.

पुढचं चाक सोपं. दोन्ही कडा मध्यापासून सारख्या, छत्तीसही तारा दोन मिलिमीटरच्या, सगळ्यांचा एकच सूर.

एक काम लोक टाळतात आणि तिथेच चाकं मरतात. तारा ताणल्यावर समांतर जाणाऱ्या दोन-दोन मुठीत धरून जोरात आवळायच्या, सगळ्या चाकाभर. त्याने वाकण हबच्या भोकात नीट बसतं आणि तार वाकवताना धातूत अडकून राहिलेला ताण निघून जातो. आवळल्यावर सूर उतरला. चाचा म्हणाले, नवी तार उतरतेच, ओढून बसवावी लागते. आम्ही परत मिळवलं, परत आवळलं. तिसऱ्या फेरीला सूर हलला नाही. निपल फिरवताना तार पिळली जाते, ती पीळही काढावी लागते: पाव फेरा हवा असेल तर थोडं पुढे जाऊन मागे यायचं. नाही तर पहिल्याच दिवशी चालवताना ती टिंग टिंग करत उलगडते आणि चाक परत आउट होतं.

जोडणीनंतर तिसऱ्या आठवड्यात मागची ट्यूब बसली. पंक्चर आतल्या बाजूला होतं, तारेच्या भोकावर. चूक माझी. मी रिंगेत प्लास्टिकची अरुंद पट्टी घातली होती, ती उन्हात मऊ होऊन सरकली आणि दुहेरी भिंतीच्या रिंगेतलं मोठं भोक उघडं पडलं. हवेच्या दाबाने ट्यूब त्या भोकात फुगून कापली गेली. सगळं चाक इतक्या निगुतीने भरून सर्वांत स्वस्त वस्तूत मी कुचराई केली होती. १८ मिलिमीटरची चिकट कापडी पट्टी लावली, पुढच्या चाकालाही. तेव्हापासून दोन्ही रिंगांत कापडीच घालतो, गिऱ्हाईक कुणीही असो.

आता अकरा महिने झाले, पाच हजार किलोमीटरच्या आसपास. तार एकही तुटलेली नाही. रस्त्यावरचं पंक्चर एक, तेही मार्केट यार्डाजवळ घुसलेल्या स्क्रूने. सराट्यांनी टायरला भोकं पाडली आहेत, पण तो थर ओलांडून आत एकही गेला नाही. दर महिन्याला चाचा ते टोचणीने काढतात. ब्रेकची रबरं दोनदा बदलली, दुसऱ्यांदा त्यांत रुतलेले वाळूचे कण आणि अॅल्युमिनियमचे तुकडे निघाले. तेच कण रिंग खातात, म्हणून पावसाळ्यात आठवड्याला रिंगा आणि रबरं पुसून घ्या असं सांगितलंय. ऑक्टोबरात दोन्ही हब उघडले. मागचं ग्रीस पाण्याने पांढरट झालं होतं, कोनांवर ओरखडा मात्र नव्हता. नवे छरे, नवं ग्रीस.

दोन्ही लांबीच्या दोन-दोन जादा तारा फ्रेमच्या मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधल्या आहेत, कारण १.८ ची स्टेनलेस तार नाक्यावर मिळणार नाही. त्यांना अजून हात लागलेला नाही.

गेल्या महिन्यात चाचा आले ते सायकल उभी करून थेट म्हणाले, वॉल्व्हपासून डावीकडे चौथी तार उतरलीय. मी यंत्र लावलं. शेजारच्या ७० वर, ती ६४ वर. पाव फेऱ्याहून कमी फिरवावी लागली. पुढच्या खेपेला रिंगेची ब्रेक घासायची जागा किती खोल गेली ते मापायचं ठरलंय.